बसच्या पोटातली वीज

काशीमीरा नाक्यावर अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि ठाण्याकडे वळणारा घोडबंदर रस्ता एकमेकांना भेटतात. या पट्ट्यात मालिकांची चित्रीकरणं सतत चालू असल्यामुळे व्हॅनिटी व्हॅनचं इथे कुणाला अप्रूप नाही. आत आरसा, पलंग, वातानुकूलन आणि बाहेर धडधडणारा जनरेटर. चाकांवर खोली उभी करता येते, हे इथल्या चहाच्या टपरीवरच्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. त्या खोलीला वीज कुठून द्यायची, याचा विचार मात्र सहसा 'जनरेटर लावा' इथेच संपतो.

आम्हा पाच निवृत्त शिक्षकांना जनरेटर चालणार नव्हता. वर्गणी काढून आम्ही शाळेची एक जुनी बस घेतली होती. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर पुस्तकं न्यायची, संध्याकाळी मुलांना पडद्यावर एखादा माहितीपट दाखवायचा, रात्री बसमध्येच झोपायचं आणि सकाळी पुढच्या पाड्याला निघायचं, असा बेत. मुलं मोठ्याने वाचत असताना शेजारी डिझेलचं इंजिन घरघरत ठेवणं कुणालाच पटेना. म्हणून बॅटरी घ्यायचं ठरलं आणि पदार्थविज्ञान शिकवलेलं असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

मी ते वाईट केलं. घरच्या इन्व्हर्टरला चालते तीच बॅटरी बसला चालेल असं गृहीत धरून १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या उचलल्या, मागच्या बाकाखाली ठेवल्या आणि वर गादी घातली. चौदाव्या महिन्यात एका पाड्यावर माहितीपट अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. मुलांना वाटलं, गोष्ट संपली. वर्गणीदारांना पत्र लिहून पैसे कुठे गेले ते सांगावं लागलं. ते पत्र लिहिताना जे शिकलो, त्यातून हा लेख आला आहे.

आधी हिशेब

रोजच्या वापरातल्या प्रत्येक वस्तूचे वॅट आणि तिचे तास यांचा गुणाकार करायचा, की वॅट-तास मिळतात. आमच्या बसचा हिशेब असा : ९ वॅटचे ८ दिवे ५ तास, म्हणजे ३६०. २८ वॅटचे ३ बीएलडीसी पंखे १० तास, म्हणजे ८४०. प्रोजेक्टर २०० वॅटचा, २ तास, म्हणजे ४००. लॅपटॉप आणि स्पीकर मिळून ३००. मोबाइलसाठी १००. एकूण २,००० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. तो धरून सुमारे २,३००.

यात एक बोध दडलेला आहे. पंखे जुन्या पद्धतीचे, ७५ वॅटचे असते, तर एकट्या पंख्यांनीच २,२५० वॅट-तास खाल्ले असते. म्हणजे चांगले पंखे घेणं हीच बॅटरीची पहिली खरेदी होती. बॅटरी मोठी करण्याआधी गरज लहान करता येते का, ते पाहावं.

माझ्या दोन बॅटऱ्या २४ व्होल्टवर १५० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर ३,६०० वॅट-तास होत्या. २,३०० ची गरज आणि ३,६०० चा साठा. मला वाटलं, भरपूर झालं. इथेच फसलो.

शिशाचा स्वभाव

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांतून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तिची क्षमता वाढवली. घरच्या इन्व्हर्टरखाली आज जी असते, ती याच कुळातली.

या बॅटरीचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. ती वापरली जाते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचं सल्फेट जमतं; भरताना ते पुन्हा विरघळतं. पण ती बराच काळ अर्धवट भरलेली राहिली, तर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग विरघळत नाहीत. त्यामुळे साठ्यातला निम्मा भागच आपला म्हणावा, उरलेला निम्मा बॅटरीचा. माझ्या ३,६०० मधले वापरण्याजोगे होते १,८००, आणि मी रोज २,३०० काढत होतो.

दुसरी गोष्ट बॅटरीवर छापलेल्या आकड्याची. घरगुती बॅटरीवर बहुधा 'सी २०' लिहिलेलं असतं. म्हणजे ती २० तासांत सावकाश रिकामी केली, तरच तेवढी वीज देते. घाईने उपसली, तर कमी देते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट याने १८९७ मध्येच हे गणितात मांडलं होतं. सौर बॅटरीवर 'सी १०' असतं. म्हणून दोन बॅटऱ्यांचे आकडे ताडून पाहताना ही अक्षरंही ताडून पाहावीत.

तिसरी गोष्ट भरण्याची. शिशाची बॅटरी पहिले ऐंशी टक्के भराभर भरते. उरलेल्या वीस टक्क्यांना काही तास लागतात. आमची बस एका पाड्याहून दुसऱ्यावर जाईतो पाऊण तास चाले. तेवढ्यात ती कधीच पूर्ण भरली नाही. वर उन्हाळा. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. उन्हात उभ्या बसच्या बाकाखाली काय होत असेल, ते सांगायला नको.

आणि चौथी, सर्वांत लाजिरवाणी गोष्ट : भरताना ही बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला, की ठिणगीने भडका उडू शकतो. मी तिच्यावर गादी टाकून झोपत होतो. वास्तविक याचं उत्तर लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं. रेल्वेच्या जुन्या डब्यांत दिवे-पंखे चालायचे ते डब्याखाली टांगलेल्या बॅटऱ्यांवर. चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा जनित्र त्या भरायचा आणि गाडी स्टेशनात थांबली, की त्या वीज द्यायच्या. पेट्या असायच्या डब्याबाहेर, मोकळ्या हवेत. बसमधल्या घराला लागणारी सगळी अक्कल त्या पेट्यांत होती.

लिथियमचे दोन भाऊ

'आता लिथियमच घ्या सर,' असं महामार्गावरच्या बॅटरीवाल्याने सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आलं ते वसईचं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला एक लहान मुलगा पुढे दगावला. आमच्या बसमध्ये तर मुलंच बसणार होती.

तेव्हा वाचायला बसलो. लिथियम हे एका बॅटरीचं नाव नाही. कुळाचं नाव आहे. मोबाइलमध्ये आणि बऱ्याच वाहनांत असतात त्या बॅटऱ्यांत लिथियमसोबत कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंची ऑक्साइडं असतात. त्या वजनाला हलक्या आणि साठ्याला मोठ्या. पण फार तापल्या, की त्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन सुटा होतो आणि आगीला आतूनच खाद्य मिळतं.

दुसरा भाऊ लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात ज्याला 'एलएफपी' म्हणतात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांनी गुडइनफ यांच्यासह त्यावर काम केलं. त्यांचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, ते लिथियम बॅटरीवरच्या एकूण कामासाठी. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. तापल्यावरही सहजी सुटत नाही. ही बॅटरी पेटूच शकत नाही असं नव्हे, पण पेटायला तिला पुष्कळ जास्त छळावं लागतं. साठ्याच्या मानाने ती थोडी जड आणि मोठी. स्कूटरला त्याने फरक पडतो, बसला नाही.

हिशेब पुन्हा मांडला. शिशाची घ्यायची तर एका रात्रीसाठीच ४,६०० वॅट-तास लागणार; म्हणजे २०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या, वजन सव्वाशे किलोच्या आसपास. एलएफपीमधली नव्वद टक्के वीज वापरता येते. २५.६ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची पेटी म्हणजे ३,८४०. त्यातले सुमारे ३,४५० आपले. दीड रात्रीची सोय, वजन शिशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. आम्हाला मिळालेल्या दरांत मात्र ती शिशाच्या जोडीच्या जवळजवळ दुप्पट महाग होती.

म्हणून शिशाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वाहन बहुतेक वेळ एका जागी उभं असेल, छपरावरचं सौर पॅनेल रोज बॅटरी पूर्ण भरत असेल, पाणी बघणारं माणूस असेल आणि जवळ पैसे कमी असतील, तर शिशाची चांगली बॅटरी काही वर्षं इमानाने चालते. आमचं जगणं अर्धवट भरण्याचं होतं, आणि एलएफपीला अर्धवट राहिल्याचं दुःख नसतं. निवडीची खरी कसोटी हीच : आपण बॅटरीला कसं वागवणार आहोत.

बसवताना

एलएफपीचेही हट्ट आहेत. तिचा अंतर्गत रोध इतका कमी, की थेट जोडली तर ती बसच्या अल्टरनेटरकडून वाटेल तेवढा प्रवाह ओढते आणि तो जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लावावा. तो प्रवाहाला मर्यादा घालतो. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं व्यवस्थापन-मंडल, म्हणजे बीएमएस, पेटीतच हवं. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर हवा. वायर कुठे घासून उघडी पडेल, ते सांगता येत नाही. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट असतो, म्हणून व्होल्टमीटर बघून उरलेल्या साठ्याचा अंदाज येत नाही. आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा शंट-मीटर लागतो. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत. गॅरेजवाला काहीही म्हणो, आधी परिवहन कार्यालयाचा उंबरा चढावा.

भंगार

आता त्या पत्रात न लिहिलेली गोष्ट. मेलेल्या दोन बॅटऱ्या मी भंगारवाल्याला विकल्या. त्याने वजन केलं, पैसे मोजले आणि आम्ही एकमेकांना नमस्कार केला. त्या कुठे जातील, हे मी विचारलं नाही.

शिशाची बॅटरी जवळजवळ पूर्णपणे पुन्हा वापरात येते, हा तिचा मोठा गुण. पण ती नोंदणीकृत कारखान्यात फोडली तरच. पत्र्याच्या शेडमध्ये कोयत्याने फोडली, आम्ल मातीत ओतलं आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवलं, की धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. भारतातल्या अशा मुलांची संख्या सुमारे साडेसत्तावीस कोटी. शिसं मेंदूवर आघात करतं. मुलाचं लक्ष लागत नाही, अक्षरं मनात ठरत नाहीत.

एका हाताने मुलांना पुस्तकं द्यायची आणि दुसऱ्या हाताने ती वाचण्याची शक्ती काढून घ्यायची, असं आमच्याकडून झालं असेल का? मला ते कधीच कळणार नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पोचवण्याची जबाबदारी आता उत्पादकांवर आहे. एलएफपीही याला अपवाद नाही. उलट तिच्यात महाग धातू नसल्यामुळे तिला भंगारात कुणी आनंदाने विचारणार नाही.

म्हणून नवी पेटी घेताना दुकानदाराला मी शेवटचा प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. 'ही मेली, की परत कोण घेणार? बिलावर लिहून द्याल?' पहिल्या दोन दुकानांत हसले. तिसऱ्याने थोडा विचार केला, कंपनीला फोन लावला आणि मग बिलावर लिहून दिलं. पेटी त्याच्याकडून घेतली.

ती आता बसच्या मागच्या टोकाला, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात आहे. ते बिल मी कप्प्याच्या दाराला आतून चिकटवलं आहे. पेटी संपेल तेव्हा आमच्यापैकी कोण असेल, सांगता येत नाही. जो असेल त्याला ते दिसावं.