नंदीही तुम्हाला ओढतो!

पोळ्याचा दुसरा दिवस. समुद्रपुरात, गिरडला, साऱ्या विदर्भातच तान्हा पोळा! काल खरे बैल तोरणाखाली उभे होते, आज पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून निघालीत. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, घरोघरी ओवाळणं आणि हातात बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे.

आता सांगा, दोरीनं कोण कोणाला ओढतंय?

"मी नंदीला!" बरोबर. पण त्याच क्षणी नंदीही तुम्हाला ओढतोय, आणि अगदी तेवढ्याच जोरानं. पटत नाही? तळहातावर दोरीचा वळ पाहा, तो नंदीच्या ओढीनंच उठलाय. शाळेतून दोन ताणकाटे मिळाले तर ते एकमेकांत अडकवा, एक नंदीला बांधा, दुसरा हातात धरा आणि ओढा. दोन्हींवर एकच आकडा!

१६८७ साली न्यूटननं आपल्या ग्रंथात हा गतीचा तिसरा नियम मांडला, तेव्हा त्याला आठवला घोडा. दोरीनं दगड ओढणारा घोडा स्वतःही दगडाकडे तितकाच ओढला जातो, असं त्यानं लिहिलं.

मग कोडं पडतं. दोन्ही ओढी सारख्या, तर नंदी हलतो कसा? शाळेत मला हे कितीतरी दिवस छळत होतं. गंमत अशी की या दोन ओढी वेगवेगळ्यांवर पडतात. नंदीचा हिशेब नंदीपुरता: पुढे तुमची ओढ, मागे चाकांचं घर्षण. ओढ जास्त झाली की नंदी निघाला! तुम्हाला मागे खेचणारी ओढ त्याच्या हिशेबात येतच नाही, ती तुमच्या हिशेबात.

मग तुम्ही कसे निघता? पायांकडे बघा. पाऊल जमिनीला मागे रेटतं, जमीन तुम्हाला पुढे रेटते. हा रेटा नंदीच्या ओढीहून जास्त झाला की तुमची स्वारी निघाली.

आणि नेमका पाऊस आला तर? आपली काळी माती ओली झाली की काय निसरडी होते! पाय सटकतो, जमिनीला रेटताच येत नाही, मग तीही तुम्हाला रेटत नाही. नंदी तोच, दोरी तीच, तुम्ही मात्र जागच्या जागी. खऱ्या बैलाचंही तेच. मऊ शेतात खूर रुतून पकड घेतो, पण डांबरी रस्त्यावर झिजतो नि घसरतो. म्हणून त्याला नाल ठोकतात, आणि खूर दुभंगलेला असल्यानं एकेका खुराला नालाचे दोन तुकडे लागतात. घोड्याला एकच पुरतो.

नंदी नुसता उभा असला तरी खेळ चालूच. तो २ किलोचा असेल, तर पृथ्वी त्याला सुमारे २० न्यूटन बलानं खाली ओढते आणि नंदी पृथ्वीला तेवढ्याच बलानं वर! पृथ्वीचं वस्तुमान म्हणजे ६ वर २४ शून्यं इतके किलो, त्यामुळे तिचं हलणं कोणाला दिसायचं नाही. यंदा ओवाळणीसाठी नंदी पाटावर ठेवाल, तेव्हाही तो तिला गुपचूप वर ओढत असेल.