काय शिळे, काय ताजे?

तारेची रोधकता काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल, काही जण पुढे कराल. तारेची लांबी मोजायची, स्क्रू गेजने व्यास मोजायचा, व्होल्टमीटर आणि ॲमीटरची वाचने घ्यायची. व्यासावरून छेदाचे क्षेत्रफळ मिळते, वाचनांवरून रोध मिळतो, आणि रोध, क्षेत्रफळ व लांबी यांवरून शेवटी रोधकता. समजा, सगळे वहीत लिहून झाले आणि मग ध्यानात आले, की स्क्रू गेजची शून्यत्रुटी वजा करायची राहून गेली. व्यास ०.४२ मिलिमीटर नाही, ०.४० मिलिमीटर आहे. आता काय काय पुन्हा करावे लागेल?

क्षेत्रफळ पुन्हा काढावे लागेल. ते ०.१३९ ऐवजी ०.१२६ चौरस मिलिमीटर येईल. त्यामुळे रोधकताही पुन्हा काढावी लागेल. आधीचे उत्तर खऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त आले होते. रोध मात्र तसाच राहील, कारण व्होल्टमीटरला तारेच्या व्यासाशी काही कर्तव्य नाही.

इथे दोन प्रकारे चुकता येते. एक विद्यार्थी घाबरून सगळा प्रयोग पहिल्यापासून करतो. त्याचे श्रम वाया जातात, पण उत्तर बरोबर येते. दुसरा विद्यार्थी व्यासाचा आकडा खोडून ०.४० करतो आणि खालचे क्षेत्रफळ तसेच ठेवतो. त्याची वही नीटनेटकी दिसते, उत्तर मात्र शिळे असते. वही चाळणाऱ्या परीक्षकाला ते कळेलच असे नाही. पहिली चूक महागात पडते, दुसरी फसवते.

लिनक्स नावाची संगणकाची कार्यप्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींपुढे हाच प्रश्न रोज उभा असतो. फक्त त्यांच्या ‘वही’त तीन कोटींहून अधिक ओळी आहेत.

लिनक्सचे नाव तुम्ही ऐकले असेल. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहायला घेतला. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. कर्नेल हा संगणकाचा कारभारी. स्मृती कोणाला किती द्यायची, कळफलकावरची अक्षरे कोणाकडे पोहोचवायची, डिस्कवर कुठे काय लिहायचे, हे सारे तो ठरवतो. आज अँड्रॉइड फोनमध्ये हाच कर्नेल आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवरच चालते. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ याच यादीत २०२० साली ६३ व्या क्रमांकावर होता. कर्नेलची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे. कोणीही ती वाचावी, बदलावी, सुधारणा सुचवावी.

माणसाने लिहिलेली ही आज्ञावली संगणकाला थेट कळत नाही. ‘कंपायलर’ नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक फाइलचे यंत्रभाषेत रूपांतर करून एकेक तुकडा तयार करतो. हजारो तुकडे तयार झाले, की ते जोडून अखंड कर्नेल बनतो. हे सगळे कोणत्या क्रमाने आणि कशापासून करायचे, हे ठरवणाऱ्या यंत्रणेला आपण ‘बांधणीची यंत्रणा’ म्हणू. इमारत उभी राहिल्यावर परांची कोणाला आठवत नाही, तसे हिचे आहे. कर्नेलविषयी भरभरून बोलणारे हिच्याबद्दल एक वाक्य बोलत नाहीत.

हजारांपैकी एकाच फाइलमध्ये एक ओळ बदलली, तर सर्व फाइली पुन्हा रूपांतरित करायच्या का? संपूर्ण कर्नेल बांधायला साध्या लॅपटॉपवर तासभरही जातो. प्रत्येक ओळीमागे तासभर थांबायचे तर काम पुढे सरकणारच नाही. तेव्हा फक्त शिळे झालेले तुकडे नव्याने करायचे. पण शिळे कोणते, हे ओळखायचे कसे?

याचे उत्तर लिनक्सपेक्षा जुने आहे. १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीव्ह जॉन्सन नावाचे शास्त्रज्ञ आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधत सकाळभर बसले होते. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती! फक्त दुरुस्त फाइलचे नव्याने रूपांतर करायचे राहिले होते, म्हणून जुनाच तुकडा जोडला जात होता. वैतागून ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत गेले. फेल्डमन यांना तो त्रास ओळखीचा होता, आणि त्यातून त्यांनी ‘मेक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला कोणती वस्तू कशापासून बनते याची यादी द्यायची. तो प्रत्येक फाइलवरची शेवटच्या बदलाची वेळ पाहतो. मूळ फाइलची वेळ तिच्यापासून बनलेल्या तुकड्याच्या वेळेनंतरची असेल, तर तुकडा शिळा. नाही तर ताजा. फाइल उघडून आत काय आहे हे तो पाहतच नाही. किती वेळ गेला हेही पाहत नाही. आधी कोण आणि नंतर कोण, एवढेच.

एक गंमत जाता जाता सांगतो. ‘मेक’च्या यादीत कृतीच्या ओळीची सुरुवात ‘टॅब’ या कळीनेच करावी लागते. तिथे साधी मोकळी जागा सोडली तर चालत नाही. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांना लवकरच कळले होते. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. त्या डझनभरांसाठी पन्नास वर्षे सारे जग टॅब दाबते आहे.

वेळेवर एवढी भिस्त ठेवली, की घड्याळ बिघडल्यावर काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या विभागातील एका जुन्या संगणकाची आतली छोटी बॅटरी संपली होती. वीज गेली, की तो अनेक वर्षांपूर्वीची तारीख धरून बसे. रोज कोणी तरी हाताने तारीख बसवी. एके दिवशी ते राहिले. एका विद्यार्थ्याने लंबकाचा आवर्तकाल काढणारा प्रोग्रॅम आदल्या दिवशी लिहिला होता. त्यात ९.८ ऐवजी ९८ असे पडले होते, म्हणून एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल २.०१ ऐवजी ०.६३ सेकंद येत होता. त्या दिवशी त्याने चूक शोधून दुरुस्त केली आणि मेक चालवले. उत्तर पुन्हा ०.६३! त्याने मला बोलावले. पडद्यावर ९.८ स्पष्ट दिसत होते, तेव्हा मी चारचौघांत त्याला म्हणालो, “तुला सूत्रच कळलेले नाही, जाऊन पुन्हा वाच.” बिचारा दोन तास वर्गमुळाशी झगडत बसला.

दुरुस्त फाइलवर जुन्या काळातील तारीख पडली होती, आणि आदल्या दिवशीचा तुकडा तिच्या मानाने ‘ताजा’ ठरला होता. आम्हांला सूचना मिळाली नव्हती असेही नाही. ही फाइल भविष्यकाळातील दिसते, घड्याळात गडबड आहे, बांधणी अपुरी असू शकेल, असे मेकने पडद्यावर लिहिले होते. ती ओळ आम्ही दोघांनीही वाचली नाही. खरे तर २.०१ ला ०.६३ ने भागून पाहिले असते तरी दहाचे वर्गमूळ समोर आले असते. दशांशचिन्हाची चूक अजून जिवंत आहे हे मला तिथेच कळायला हवे होते. मी त्याची माफी मागितली, तीही चारचौघांत.

तो लंबक होता. समजा, कर्नेलमधील एखादे छिद्र, ज्यातून चोर आत शिरू शकेल, दुरुस्त झाले. आणि बांधताना जुनाच तुकडा जोडला गेला. मूळ फाइल वाचणारा म्हणेल दुरुस्ती झाली आहे, आणि यंत्रात छिद्र तसेच राहील.

आता लिनक्सची खरी अडचण पाहू. त्याचा कर्नेल एकच नसतो. हातातल्या फोनला लागणारा वेगळा, महासंगणकाला लागणारा वेगळा. म्हणून बांधण्याआधी पर्याय निवडावे लागतात: हे उपकरण हवे का, ती सोय हवी का. असे दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. पुष्कळांना तीन उत्तरे चालतात: ‘होय’, ‘नाही’, आणि ‘सुटा भाग म्हणून तयार ठेवा, लागेल तेव्हा जोडू’. नुसते ‘होय-नाही’चे ३०० पर्याय धरले तरी जोडण्या होतात २ चा ३०० वा घात, म्हणजे एकावर नव्वद शून्यांहूनही मोठी संख्या. दृश्य विश्वातील अणूंची संख्या एकावर ऐंशी शून्ये इतकी मानतात. सर्व जोडण्या तपासणे अशक्य! म्हणून पर्याय चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून कर्नेल बांधून पाहणारी यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवलेली असतात.

हे पर्याय फार सुबक रीतीने वापरले जातात. प्रत्येक विभागात तुकड्यांच्या याद्या असतात, आणि यादीच्या नावाचा शेवट मोकळा ठेवलेला असतो. पर्यायाचे उत्तर त्या जागी जाऊन बसते. उत्तर ‘होय’ असेल तर तुकडा आपोआप होय-यादीत जातो, ‘सुटा’ असेल तर सुट्यांच्या यादीत. उत्तर नसेल तर तो बिनशेपटीच्या एका यादीत पडतो, आणि बांधणीच्या वेळी ती यादी कोणी वाचतच नाही. ‘जर-तर’ लिहिण्याची गरजच उरत नाही.

परंतु निवडलेले सर्व पर्याय एका सामाईक फाइलमध्ये लिहिलेले असतात, आणि कर्नेलची जवळजवळ प्रत्येक फाइल ती वाचते. आता एकच पर्याय बदलला, समजा एखाद्या छापणी यंत्राचा, की सामाईक फाइलची वेळ बदलली. मेकच्या हिशेबाने सारा कर्नेल शिळा! एका शून्यत्रुटीपायी अख्ख्या वर्गाने प्रयोग पुन्हा करावा, तसे हे झाले.

यावरची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक पर्यायाच्या नावाची एकेक रिकामी फाइल ठेवली आहे. आत अक्षरही नाही. तिच्यापाशी असते ती फक्त वेळ. पर्याय बदलला, की त्याच्याच रिकाम्या फाइलवर नवी वेळ टाकायची. आणि ‘फिक्सडेप’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम प्रत्येक मूळ फाइल चाळून तिच्यात कोणत्या पर्यायांची नावे आली आहेत ते टिपतो, सामाईक फाइलचे नाव यादीतून काढतो, आणि त्या जागी नेमक्या तेवढ्या रिकाम्या फाइली लिहितो. छापणी यंत्राचा पर्याय बदलला, तर त्याचे नाव घेणाऱ्या फाइलीच पुन्हा बांधल्या जातात.

फिक्सडेप काही फार हुशार नाही. पर्यायाचे नाव नुसत्या टिपणात आले, जे कंपायलर वगळतो, तरी हा ते धरतो. ते करणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांचे म्हणणे असे, की त्यामुळे एखादी फाइल विनाकारण बांधली जाईल, पण बांधायला हवी ती सुटणार नाही. महाग चूक पत्करली, फसवी टाळली.

आणखीही बारकावे आहेत. फाइल तीच पण कंपायलरला दिलेली आज्ञा बदलली, तर वेळेवरून ते कळत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याशेजारी तो कोणत्या आज्ञेने बनला ते लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी ताडून पाहतात. उलट, यंत्राने नव्याने लिहिलेली फाइल जुनीशी अक्षरशः जुळत असेल, तर नवी टाकून देतात, म्हणजे जुन्या फाइलची वेळ बदलत नाही.

ही यंत्रणा सांभाळणारी माणसे मोजकीच आहेत. जपानचे मासाहिरो यामादा यांनी २०१७ ते २०२५ अशी आठ वर्षे हे काम पाहिले. कर्नेलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येकीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतला प्रत्येक बदल जुन्या आणि नव्या कंपायलरने, एका जातीच्या यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठीही बांधता आला पाहिजे. पूर्वी असे होई, की एखादी सोय तुम्ही निवडायची आणि ती आपल्या कंपायलरला जमत नाही हे बांधणी मोडल्यावर कळायचे. २०१८ च्या ४.१८ या आवृत्तीत यामादा यांनी हा क्रम फिरवला. तेव्हापासून पर्यायांची यादी आधी कंपायलरलाच विचारते, “तुला हे येते का?” आणि नाही म्हटले तर तो पर्याय दाखवतच नाही.

शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल तर हे करून पाहा. ‘वाचन’ नावाच्या फाइलमध्ये एक आकडा लिहा. ‘मेकफाइल’ नावाच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत लिहा, की ‘निकाल’ ही फाइल ‘वाचन’पासून बनते, दुसऱ्या ओळीत, टॅबनंतर, ‘वाचन’ची नक्कल ‘निकाल’मध्ये करण्याची आज्ञा. मेक दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी ते काहीच करणार नाही. मग ‘टच’ या आज्ञेने, आकडा न बदलता, ‘वाचन’ला आत्ताची वेळ द्या आणि मेक चालवा. आता आकडा खरोखर बदला, पण टचनेच ‘वाचन’वर कालची तारीख टाका, आणि पुन्हा मेक चालवा. तिन्ही वेळा ‘निकाल’ उघडून आत काय दिसते ते वहीत लिहा, आणि तिसऱ्या वेळी तसे का झाले ते शेजारच्या मित्राला समजावून सांगा.