डिजिटल हॅम सेट घेताना

ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्याला झोडपले. अशा वेळी मोबाइल टॉवर बंद पडले, तरी जिल्ह्यातल्या अड्याळहून निरोप हॅम रेडिओ पोचवू शकतो. हातातल्या डिजिटल सेटचे मुख्य प्रकार तीन: डीएमआर, डी-स्टार आणि येसू कंपनीचा सी4एफएम. तिघांचे एकमेकांशी थेट जुळत नाही! डीएमआर वेळेचे दोन भाग पाडून 12.5 किलोहर्ट्झमध्ये दोन संभाषणे चालवतो. डी-स्टार आवाजासोबत कॉलसाइन, म्हणजे बोलणाऱ्याची ओळखखूणही पाठवतो. सिग्नल क्षीण होत गेला तरी डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ, मग एकदम तुटतो. साधा एफएम खरखरत का होईना, ऐकू येतो. म्हणून एफएमही असलेलाच सेट घ्या. पाच वॉटच्या सेटला उंच अँटेनाची जोड हवीच. आणि आधी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना काढा.