आकाशातले भांडण : चूक कोणाची?

भिलाईच्या सेक्टरमध्ये राहणाऱ्या एका काकाकाकूंची ही हकीकत. काकांची उभी हयात पोलाद कारखान्यात गेली. मुलगी पुण्याला असते. तिला दिवस गेले तेव्हा काकूंनी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू केले, डबा पिशवीत घातला आणि दोघे निघाले. एरवी दुर्गहून आझाद हिंद एक्स्प्रेस ठरलेली. या वेळी जावयाने विमानाची तिकिटे काढली होती. भिलाईला प्रवासी विमाने उतरत नाहीत, म्हणून टॅक्सीने रायपूरचा माना विमानतळ गाठायचा.

विमानात डोक्यावरचे कप्पे भरले होते. हवाईसुंदरीने काकूंना मांडीवरची पिशवी समोरच्या सीटखाली ठेवायला सांगितले. काकू ठेवीनात. बाळंतिणीचा खाऊ पायाशी कसा ठेवायचा? हे त्यांना हिंदीत नीट सांगता आले नाही आणि त्या मुलीला विचारायला सवड नव्हती. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चढला. मग काकांचाही चढला. "पगार कशाचा घेता? म्हाताऱ्या माणसांशी असं बोलतात?" मागून कोणी ओरडले, "अहो, विमान सुटू द्या!" शेवटी पिशवी चार रांगा मागे एका कप्प्यात गेली. काकांनी पुणे येईपर्यंत रागाने पाणीही घेतले नाही.

घरी पोचल्यावर काकांनी जावयाला सांगितले, "पोरगी फार उद्धट होती." काकू मात्र म्हणाल्या, "तिचे हात थरथरत होते हो."

असे प्रसंग आता वाढले आहेत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये दर ८३५ उड्डाणांमागे प्रवाशाच्या गैरवर्तनाची एक घटना नोंदली गेली होती. २०२२ मध्ये हे प्रमाण दर ५६८ उड्डाणांमागे एक झाले. बहुतेक वेळा सुरुवात अगदी क्षुल्लक असते. डिसेंबर २०२२ मध्ये इस्तंबूलहून दिल्लीला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात जेवणाच्या निवडीवरून वाद झाला. प्रवाशाने बोट रोखून आवाज चढवला, सहकारी मुलगी रडू लागली, तेव्हा प्रमुख परिचारिकेने त्याला सुनावले की मी कर्मचारी आहे, तुमची नोकर नाही. कोणीतरी केलेले ते चित्रीकरण देशभर पाहिले गेले. त्या वेळी जेट एअरवेजच्या प्रमुखपदी नेमले गेलेले संजीव कपूर दुसऱ्या कंपनीचे असूनही तिच्या बाजूने बोलले. शिष्टाचाराचे काय, असे विचारणारेही पुष्कळ निघाले.

आपल्या महाराष्ट्राला याहून लाजिरवाणा प्रसंग आठवत असेल. २३ मार्च २०१७ रोजी उस्मानाबादचे (आताचे धाराशिव) तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून एअर इंडियाने दिल्लीला गेले. तिकीट बिझनेस क्लासचे होते, पण त्या विमानात तो वर्गच नव्हता. दिल्लीला उतरायला त्यांनी नकार दिला आणि समजूत घालायला आलेल्या वयस्क अधिकाऱ्याला चपलेने मारले. २५ वेळा मारले, असे त्यांनी स्वतःच वाहिन्यांना सांगितले. विमान कंपन्यांनी एकत्र येऊन त्यांना तिकीट देणे बंद केले. दोन आठवड्यांनी त्यांनी मंत्र्यांना खेदाचे पत्र लिहिल्यावर बंदी उठली.

मार खाणारा हवाईसेवक नव्हता, जमिनीवरचा अधिकारी होता. पण या प्रकरणानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने नियम केले. शिवीगाळ आणि आरडाओरडा केल्यास तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्की किंवा अंगचटीला गेल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल असे वागल्यास किमान दोन वर्षे विमानप्रवासाला बंदी, अशा तीन पायऱ्या त्यात ठरल्या. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने द्यायचा होता.

आता त्या पिशवीकडे वळू. एवढा हट्ट कशासाठी? विमान बनवणाऱ्या कंपनीला आधी दाखवून द्यावे लागते की निम्मे दरवाजे बंद असले तरी सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. वाटेत एक पिशवी आडवी आली तर मागचे सगळे अडतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान दुसऱ्या विमानावर आदळून पेटले. आतले ३७९ जण जिवंत बाहेर पडले, सामान आत सोडून. विमान जळून खाक झाले. चहापाणी देणे हे या लोकांचे दिसणारे काम, पण त्यांना नेमलेले असते ते अशा घटकेसाठी. मुंबईची नीरजा भनोत ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर प्रवाशांना वाचवताना गेली, तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो. आणि तिच्याच पेशातल्या मुलीला चुटकी वाजवून बोलावतो.

या नोकरीकडे बघण्याची आपली नजर जुनीच आहे. एअर इंडियात एके काळी पहिल्या गरोदरपणातच हवाईसुंदरीची नोकरी जात असे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटल्यात तो नियम रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र तेव्हा कायम ठेवली!

प्रवाशाची बाजू नाही असे नाही. विमान तासन्‌तास उशिरा, कारण कोणी सांगत नाही, सूचना फाडफाड इंग्रजीत. पहिल्यांदा बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना पट्टा कसा लावायचा हे विचारायचीही लाज वाटते. त्या लाजेचे रूपांतर रागात व्हायला वेळ लागत नाही. तक्रारीसाठी कंपनीचा कक्ष आहे, सरकारची २०१६ पासूनची 'एअरसेवा' सोयही आहे. पण समोर उभी दिसते ती गणवेशातली मुलगी, मग सगळा राग तिच्यावर.

भिलाईतल्याच दुसऱ्या एका घरातली मुलगी याच नोकरीत आहे. तिची आई म्हणाली, "पहाटे तीनला गाडी येते तिला न्यायला. फोनवर हसून बोलते, पण आवाजावरून कळतं मला. एकदा म्हणाली, आई, आज एका काकांनी सगळ्यांदेखत माझी लायकी काढली. बाबांच्या वयाचे होते गं." मी तिला लाडवांच्या पिशवीची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझ्या मुलीनंही तेच केलं असतं. पण खाऊ आहे म्हणून कळलं असतं, तर जरा मऊ बोलली असती."

बारशाला काकाकाकू पुन्हा पुण्याला गेले. या खेपेला लाडू स्टीलच्या डब्यात घालून काकूंनी मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवले आणि ती बॅग काउंटरवरच दिली. काका म्हणतात, ती मुलगी पहिल्यांदाच नीट बोलली असती तर काही झाले नसते. काकू यावर काही बोलत नाहीत. परतीच्या विमानात त्यांनी हवाईसुंदरीला जवळ बोलावून विचारले, "बेटा, तुमने खाना खाया?"