शून्य पाऊस की बंद यंत्र?

इस्लापूर (ता. किनवट) महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. भरपाईचा विचार त्या आकड्यापासून सुरू होतो. पर्जन्यमापक बंद पडला आणि नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामने मुकाट ० लिहिला, तर? कोरडा दिवस आणि बिघाड सारखेच दिसतील.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) यासाठी ‘रिझल्ट’ हा टाइप आहे: आत एकतर आकडा, नाहीतर बिघाडाचे कारण. तो उलगडल्याशिवाय आकड्यांची बेरीज करू गेलात, तर कंपायलर प्रोग्राम बांधतच नाही. न तपासता थेट आकडा काढणाऱ्या ‘अनरॅप’ची पळवाट आहे, मात्र बिघाड निघाल्यास प्रोग्राम तिथेच कोसळतो. माझ्या मते खोट्या शून्यापेक्षा ते बरे. नरसाळ्यात पालापाचोळा अडकून यंत्रानेच ० पाठवला, तर मात्र टाइपही हतबल. तिथे माणूसच पाठवावा लागतो.