पुन्हा पुन्हा मागावे की नाही?

वाचकहो, ख्रिस्ती लोकांच्या बायबलात प्रार्थनेविषयी दोन शिकवणी आहेत. वरवर पाहिले तर त्यांचे एकमेकींशी जुळत नाही. वर्गातला एखादा चौकस मुलगा गुरुजींना नेमका इथेच अडवील. म्हणून जरा सावकाश पाहू या.

पहिली शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात आहे. येशू ख्रिस्त सांगतात की, प्रार्थनेत पोकळ बडबड करू नका. पुष्कळ बोलले म्हणजे देव ऐकतो असे नाही. तुमची गरज तुम्ही मागण्याआधीच त्याला ठाऊक असते.

दुसरी लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात. एका नगरात एक न्यायाधीश होता. त्याला ना देवाचे भय, ना माणसांची चाड. एक विधवा न्यायासाठी त्याच्या दारी सारखे हेलपाटे घाली. शेवटी तो कंटाळला आणि म्हणाला, हिचा निकाल लावलेला बरा, नाहीतर ही मला बेजार करील. मूळ ग्रीकमध्ये इथे जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘डोळ्याखाली ठोसा लगावणे’ असा होतो! नेहमी प्रार्थना करावी, धीर सोडू नये, हे सांगण्यासाठी हा दृष्टांत आहे, असे लूक आरंभीच नमूद करतो.

आता प्रश्न असा की, देवाला सारे ठाऊक आहे, तर हेलपाटे कशाला? आणि देव त्या न्यायाधीशासारखा आहे की काय?

तसा तो मुळीच नाही. असल्या माणसानेही अखेर न्याय दिला, मग देव का देणार नाही, असा दृष्टांताचा रोख आहे. तिथे साम्य दाखवलेले नाही, फरक दाखवला आहे.

राहिला पहिला प्रश्न. इथे बोलणे कोणाला उद्देशून आहे ते पाहावे. एकच वैद्य एकाला लंघन सांगतो आणि दुसऱ्याला पेज पाजतो. शब्दांच्या राशीने देव वश होतो असे समजणाऱ्याला मत्तयातला बोल आहे, खचलेल्याला लूकमधला. शिवाय त्याच मत्तयात, सव्विसाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेत येशू स्वतः तीनदा तीच प्रार्थना करतात. तेव्हा दोष पुन्हा मागण्यात नाही, पोकळ बोलण्यात आहे.

पण एवढ्याने सारा पेच सुटत नाही, बरं का. दुःखाचा तो प्याला टळावा म्हणून येशूंनी मागितले, पण तो टळला नाही. पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’ निघावा म्हणून तीनदा विनवले. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे, एवढेच उत्तर मिळाले. यार्देन नदीपलीकडचा देश पाहू दे, असे मोशेने विनवले, तेव्हा देवाने त्याला हा विषय पुन्हा काढू नकोस म्हणून सांगितले. तो देश त्याने डोंगरावरून दुरूनच पाहिला.

हे ध्यानात ठेवायला हवे. कारण लेकरू गमावलेल्या आईला कोणी सहज म्हणून जातो, ‘तुझी प्रार्थनाच कमी पडली.’ लूकमधली विधवा ऐकून असे म्हणावेसे वाटते. पण गेथशेमाने वाचल्यावर तसे म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणून शिक्षकांनी विधवेची गोष्ट सांगावी, तेव्हा बागेतली ती रात्रही सांगावी. धीर सोडू नये हे खरे. पण ज्याला मागितलेले मिळाले नाही, त्याने धीर सोडला होता असे मात्र नव्हे.