जाताना समोरचा वारा, येताना पाठीचा

सावकाश सायकलफेरी म्हणजे 40 ते 60 किलोमीटरचे अंतर, ताशी 14-15 किलोमीटरचा वेग, वाटेत दोन-तीन थांबे आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरी परत. तिला शर्यतीची सायकल लागत नाही, कसलेले शरीरही लागत नाही. लांब पल्ल्याच्या ‘बीआरएम’ फेऱ्यांमध्येसुद्धा 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास दिले जातात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटरहून थोडा कमीच वेग पुरतो. अर्ध्या दिवसाच्या फेरीला तर कसलीच घाई नसते. या फेरीत लक्ष द्यावे लागते ते हवेकडे. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या सायकलस्वाराला एकाच सकाळी धुके, ऊन, भुरभूर आणि मुसळधार सर असे सगळे भेटू शकते. दिशा, वेळ आणि सोबत हवेच्या कलाने ठरवली, तर वर्षातले फार थोडे दिवस सायकल घरात ठेवावी लागते. पुण्याच्या आसपासचे रस्ते हे समजून घ्यायला उत्तम आहेत.

पश्चिम घाटाला अडून मोसमी वारे वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाऊस घाटमाथ्यावरच टाकून देतात. पुढे पूर्वेला उतरताना त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. शाळेच्या भूगोलात शिकवले जाणारे हे पर्जन्यछायेचे गणित सायकलवरून अंगावर कळते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून सुमारे 20 किलोमीटरवरच्या पाचगणीत तो दोन हजारांच्या आत येतो आणि पसरणी घाट उतरून वाईला पोचेपर्यंत हजाराच्याही खाली जातो. पुण्याचेही तसेच आहे. शहरात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो, तर मुळशीपलीकडे ताम्हिणीच्या अंगाला तो कित्येक हजारांत मोजतात. त्यामुळे पुण्यातून निघणाऱ्याला जुलैतही निवड करता येते. भिजायचे असेल तर पश्चिमेला पौड-मुळशी, आणि कोरडे राहायचे असेल तर पूर्वेला सासवड.

पश्चिमेची वाट चांदणी चौकाचा चढ चढून भूगाव, पिरंगुट, पौड अशी जाते. पिरंगुटपर्यंत वाहनांची वर्दळ नकोशी होते, म्हणून हा टप्पा उजाडता उजाडता ओलांडलेला बरा. पौडपासून पुढे खरा मुळशी तालुका सुरू होतो. जुलैत इथे भाताची लावणी चालू असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, डोक्यावरून पाठीवर सोडलेली इरली किंवा प्लॅस्टिकचे कागद, बांधावर ठेवलेल्या रोपांच्या जुड्या हे सारे रस्त्यावरून हाताच्या अंतरावर दिसते. मोटारीतून ते एका क्षणात मागे पडते. सायकलवरून एका खाचरात लावणी कुठवर आली आहे हेही पाहता येते, आणि थांबून विचारले तर रोप इंद्रायणीचे आहे की आंबेमोहोराचे, हेही कळते. पुढे मुळशीचा जलाशय लागतो. वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या या धरणाविरुद्ध 1921 साली सत्याग्रह उभा राहिला, त्याचे नेतृत्व पां. म. बापट यांनी केले आणि तेव्हापासून ते सेनापती बापट झाले. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. या काठावर थांबणाऱ्याने निसर्गाबरोबर हा इतिहासही ठाऊक करून घेतला पाहिजे.

पूर्वेची वाट कोंढवा, येवलेवाडी करत बोपदेव घाटाने वर जाते आणि भिवरीवरून सासवडला उतरते. घाट लहान पण चढ खडा. तो दिवसाउजेडीच करावा, अंधारात टाळावा. माथ्यावर पोचले की हवा पालटते. मागे शहरावर मळभ दाटलेले आणि पुढे पुरंदरच्या माळावर चक्क ऊन, असा प्रकार श्रावणात नेहमीचा. इथे भाताऐवजी बाजरी, वाटाणा, अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा दिसतात. सासवडला कऱ्हाकाठी संगमेश्वराचे देऊळ आहे, गावात सोपानदेवांची समाधी आहे. परतीला दिवे घाट उतरता येतो, पण त्या रस्त्यावर अवजड वाहने फार, आणि ज्येष्ठ-आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हा घाट चढते त्या दिवशी तो वारकऱ्यांचाच असतो. नवख्याने आल्या वाटेने बोपदेवच उतरावा.

घाट म्हटले की गिअरचा विषय येतो. फ्रान्समधल्या सेंट-एतिएन इथल्या पॉल द व्हिव्ही या गृहस्थाने, ज्याला लोक ‘व्हेलोसियो’ म्हणून ओळखत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. शर्यतवाल्यांना ते बायकी वाटे. ‘टूर द फ्रान्स’मध्ये चेन सरकवणाऱ्या गिअरला 1937 पर्यंत मुभाच नव्हती. म्हणजे आज प्रत्येक दुकानात मिळणारी ही सोय शर्यतीच्या मैदानावर नव्हे, तर डोंगरदऱ्यांत फिरणाऱ्या पर्यटकांच्या वापरातून रुळली. सावकाश फिरणाऱ्याने ती संकोच न करता वापरावी. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा. पूर्ण जोर लावून पायडल मारत असताना गिअर बदलला की चेन कुरकुरते, कधी उतरतेही. आणि दम लागला तर उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात काहीही कमीपणा नाही.

पावसापेक्षा वारा अधिक दमवतो, हे नव्या सायकलस्वाराला पटत नाही, पण हिशोब सोपा आहे. हवेचा विरोध हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा पडलेला असताना ताशी 15 किलोमीटरने जाणाऱ्याला जेवढा विरोध होतो, त्याच्या चौपट विरोध ताशी 15 किलोमीटरचा वारा समोरून आल्यावर होतो. तोच वारा पाठीवर असेल तर विरोध जवळजवळ शून्य. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडी जावे आणि येताना वाऱ्याबरोबर यावे, हा फेरी आखण्याचा पहिला नियम. पाय ताजे असतात तेव्हा कष्ट होऊन जातात, दमल्यावर वारा घरी आणून सोडतो. मोसमात वारा पश्चिमेचा असल्याने मुळशीची वाट या नियमात आपोआप बसते. सासवडला मात्र जाताना फुलासारखे जाता येते आणि येताना कस लागतो. तिकडे जाणाऱ्याने निम्म्याहून जास्त बळ परतीसाठी राखून ठेवावे.

ऋतूंपैकी सर्वांत अवघड दिवस वळवाचे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आकाश स्वच्छ असते, दुपारी पूर्वेला किंवा दक्षिणेला कापसाच्या राशींसारखे ढग चढू लागतात आणि तीन-चार वाजल्यानंतर कधीही कोसळतात. ढगातून पडणाऱ्या पावसाबरोबर गार झालेली जड हवा खाली येते आणि जमिनीवर आदळून चारी बाजूंना पसरते. म्हणूनच पाऊस येण्याच्या काही मिनिटे आधी अचानक गार झोत येतो, वाऱ्याची दिशा फिरते, धुळीचा लोट उठतो. ही सूचना मिळताच आडोसा शोधावा. एकट्या झाडाखाली मात्र थांबू नये, वीज उंच आणि एकट्या वस्तूकडे ओढ घेते. घराचे किंवा शाळेचे पक्के छत उत्तम. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तिनाने भागावे, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, मगच पुन्हा सायकलवर बसावे. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना मोबाइलवर देते. या दिवसांत पहाटे निघून अकराच्या आत परतणे हाच खरा उपाय आहे.

जूनच्या सुरुवातीचा पहिला पाऊस रस्त्यासाठी सर्वांत वाईट. महिनोन्‌महिने साठलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून डांबरावर निसरडा थर तयार होतो. दोन-चार चांगल्या सरी पडल्या की तो धुऊन जातो. त्यानंतरही पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे, शेतातून आलेल्या ट्रॅक्टरने सांडलेला चिखल आणि झाडांखालचे शेवाळ घसरवतात. अशा जागी ब्रेक दाबू नये, हँडल वळवू नये, सरळ जावे. रिम ओली असताना रबरी ब्रेक लगेच पकडत नाही, थांबायला दुप्पट किंवा त्याहून जास्त अंतर लागते. म्हणून उतारावर मधूनमधून ब्रेक हलकेच लावून रिमवरचे पाणी पुसत राहावे. डबक्यातून सायकल घालू नये, कारण त्याखाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते पाऊलभर दिसले तरी परत फिरावे. वाहते पाणी सायकलसकट माणसाला ओढून नेते.

हवामान खाते 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला जोरदार आणि 204.4 मिलिमीटरच्या वर झाला की अत्यंत जोरदार म्हणते. घाटमाथ्यावर दुसरा आकडा दर मोसमात गाठला जातो. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर तीच वेळ आली. ऑरेंज किंवा रेड अलर्टच्या दिवशी घाटात सायकल नेणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. पर्यटकांच्या सुरक्षेसाठी प्रशासन धबधब्यांवर जी बंदी घालते, तीही सायकलस्वाराने पाळलीच पाहिजे.

पावसात भिजण्याला घाबरू नये, गारठण्याला घाबरावे. प्लॅस्टिकचा बंद रेनकोट पाऊस अडवतो, पण आत घामाने भिजवतो. हलके, हवा जाऊ देणारे जाकीट आणि आत लवकर वाळणारा टी-शर्ट पुरे. जाड सुती कपडा ओला झाला की अंगाला चिकटून थंडावा धरून ठेवतो. जीन्स तर घालूच नये. हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आणि सिंहगड 1,300 मीटरच्या आसपास, म्हणजे गडावर चार-पाच अंश कमी. त्यात ओले अंग आणि उतारावरचा वारा मिळाला की दात वाजू लागतात. जाकीट चढावर काढून ठेवावे आणि माथ्यावर, उतरण्याआधी घालावे. मोबाइल, पैसे आणि एक कोरडा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा.

हिवाळ्यात हवा स्थिर असते, फेरीला याहून चांगले दिवस नाहीत. फक्त पहाटे नदीकाठी थंडी आणि धुके दाटते, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. मागचा लाल दिवा दिवसाही लावून ठेवावा.

एकट्याने फिरण्याची गोडी वेगळी. वेग स्वतःचा, थांबा स्वतःचा. जूनमध्ये पावशाची ‘पेरते व्हा’ ही साद नेमकी कोणत्या झाडावरून येते ते पाहायला दहा मिनिटे थांबले तरी कोणी खोळंबत नाही. कोणाशी बोलायचे नसल्यामुळे गावातल्या माणसांशी जास्त बोलणे होते. टपरीवर एकटा सायकलवाला दिसला की कुठून आलात, कुठे निघालात अशी विचारपूस होतेच, आणि पुढच्या ओढ्याला पाणी किती आहे याची पक्की खबर तिथेच मिळते. मात्र एकट्याची जबाबदारीही एकट्यावर असते. घरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघावे, ठरलेली वाट बदलली तर कळवावे. जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप आणि पाने जवळ हवेत, आणि पंक्चर काढण्याची रीत घरी बसून आधी शिकलेली हवी. भर पावसात ठिगळ चिकटत नाही, ट्यूबच बदलावी लागते.

मित्रमैत्रिणींबरोबर जाताना गटाचा वेग सर्वांत मागच्याचा असतो. हे मान्य नसेल त्याने एकट्याने जावे. चार ते सहा जणांचा गट बरा, त्यापुढे रस्ता अडतो आणि गप्पांचे तुकडे होतात. रहदारीच्या रस्त्यावर एकामागे एक चालावे. पुढच्याने ‘खड्डा’ आणि मागच्याने ‘गाडी आली’ अशी हाक द्यावी. समोरचा वारा असेल तर पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे कष्ट चांगलेच कमी होतात, म्हणून पुढे राहण्याची पाळी वाटून घ्यावी. ओल्या रस्त्यावर मात्र दोन सायकलींत भरपूर अंतर हवे. मागच्या चाकाला मडगार्ड नसलेली सायकल मागच्याच्या तोंडावर चिखल उडवते, तेव्हा पावसाळ्यात मडगार्ड ही सोबत्यांच्या सोयीची गोष्ट आहे. घाट ज्याने त्याने आपल्या दमाने चढावा आणि माथ्यावर सगळे येईपर्यंत थांबावे. शेवटचा आला की लगेच निघण्याची चूक फार जण करतात. त्यालाही पाच मिनिटे बसू द्यावे.

खाण्याबाबत व्हेलोसियोचा सल्ला अजून खरा आहे: भुकेच्या आधी खावे, तहानेच्या आधी प्यावे. गार हवेत तहान कळत नाही, तरी तासाला अर्धा लिटर पाणी पोटात जावे. केळी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू खिशात राहतात आणि लगेच ताकद देतात. कांदाभजी आणि पिठलं-भाकरी परतीच्या वाटेवर, मोठा चढ संपल्यानंतर खावी.

घरी आल्यावर आंघोळीआधी सायकल पाहावी. साध्या पाण्याने चिखल धुवावा, पाण्याचा जोरदार फवारा मात्र चाकांच्या बेअरिंगवर मारू नये, ग्रीस निघून जाते. चेन जुन्या फडक्याने पुसून कोरडी करावी, प्रत्येक कडीवर तेलाचा थेंब सोडावा आणि वरचे जास्तीचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे पिनेने उकरून काढावेत, नाहीतर ते रिम खरवडतात. हे काम पंधरा मिनिटांचे आहे आणि त्याच दिवशी करावे, कारण पावसाळ्यात ओल्या चेनवर एका रात्रीत गंज चढतो.